करार संपत आलेल्या शिलेदारांचे काय?

हॉकी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ध्यानचंद आणि हिरवळीचे मैदान उभे राहते. कॅनडा आणि अमेरिकेत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरचा खेळ, आणि त्या खेळाची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे १९१७ साली स्थापन झालेली नॅशनल हॉकी लीग. या लीगमधील ३२ संघांपैकी १६ संघ बाद फेरीत जातात. उरलेल्यांपैकी अनेकांसमोर दरवर्षी फेब्रुवारी संपता संपता एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. मोसमाची आशा मावळलेली आहे. संघातील ज्येष्ठ खेळाडूंचे करार उन्हाळ्यात संपणार आहेत. अशा वेळी त्यांना दुसऱ्या संघाच्या हवाली करावे, की अखेरपर्यंत आपल्याकडेच ठेवून घ्यावे? प्रश्न खेळाचा दिसतो. वस्तुतः तो दीर्घ सेवेचे मोल कसे करावे याचा आहे, आणि म्हणूनच क्रीडापृष्ठाबाहेरही त्याचा विचार व्हावयास हवा.

तेथील व्यवहार असा आहे. संघांना मोसम चालू असताना परस्परांत खेळाडूंची देवघेव करता येते. परंतु साधारणतः मार्चच्या प्रारंभी तिची मुदत संपते. वयाची २७ वर्षे किंवा सेवेचे सात मोसम पूर्ण केलेला खेळाडू करार संपताच मोकळा होतो आणि त्याला हव्या त्या संघाकडे जाता येते. जुन्या संघाच्या पदरात त्याबद्दल काहीही पडत नाही. उलट, मुदतीपूर्वी त्याला विजेतेपदाच्या शर्यतीतील संघाकडे धाडले, तर मोबदल्यात एखादा तरुण खेळाडू किंवा नवोदितांच्या वार्षिक निवडीत एखादा जादा हक्क मिळतो. २००५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा आहे. पैसा ओतून उणीव भरून काढण्याचा मार्ग श्रीमंत संघालाही उरलेला नाही. त्यामुळे नवोदितांच्या निवडीतील या हक्कांना शेतकऱ्याच्या बियाण्याचे मोल आले आहे.

हिशेब एवढाच असता तर वादाला जागाच नव्हती. परंतु खेळाडू म्हणजे गोदामातला माल नव्हे. २००८ साली टोरांटोचा संघ मागे पडला होता आणि कर्णधार मॅट्स सुंडिन याचा करार संपत आला होता. त्याच्या संमतीवाचून त्याला इतरत्र पाठविता येणार नाही, असे कलम त्याच्या करारात होते. व्यवस्थापनाने संमती मागितली. सुंडिनने ती नाकारली. मोसमाच्या प्रारंभापासून ज्या प्रवासात भाग घेतला नाही, त्याच्या अखेरीस जाऊन मिळविलेल्या विजेतेपदाचे त्याला मोल वाटत नव्हते. उन्हाळ्यात तो मोकळा झाला, डिसेंबरात व्हँकुव्हरच्या संघात दाखल झाला आणि टोरांटोच्या हाती काहीच राहिले नाही. यात सुंडिनला दोष देणारे तेव्हा पुष्कळ होते. परंतु संघाने स्वखुषीने लिहून दिलेला हक्क वापरणे हा अपराध कसा ठरतो, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

कॅलगरीची कथा याहून बोधप्रद आहे. जॅरोम इगिन्ला १९९६ पासून त्या संघात होता आणि २००३ पासून कर्णधार होता. २०१० पासून संघाला बाद फेरी गाठता येत नव्हती. तरीही व्यवस्थापन निर्णय पुढे ढकलीत राहिले. अखेर मार्च २०१३ मध्ये, करार संपावयास काही महिने उरले असता, त्याला पिट्सबर्गकडे देण्यात आले. मोबदल्यात दोन होतकरू खेळाडू आणि पहिल्या फेरीचा एक हक्क मिळाला. त्यांतून आलेल्या तिघांपैकी एकालाही कॅलगरीच्या संघात पाय रोवता आला नाही. पिट्सबर्गही त्या वर्षी उपांत्य फेरीत गारद झाले, आणि इगिन्लाला विजेतेपदाचा करंडक अखेरपर्यंत लाभला नाही. उशिराचा सौदा कोणालाच लाभत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

याच्या उलट बोस्टनच्या रे बोर्क याचे प्रकरण. १९७९ पासून बोस्टनसाठी खेळलेल्या या बचावपटूने मार्च २००० मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, विजेतेपदाची संधी मिळावी म्हणून स्वतःच अन्यत्र जाण्याची इच्छा व्यक्त केली. संघाने ती मानली आणि त्याला कोलोरॅडोकडे जाऊ दिले. बोस्टनला ब्रायन रोलस्टनसारखा उपयुक्त खेळाडू मिळाला. २००१ साली कोलोरॅडो विजयी झाले, तेव्हा कर्णधार जो सॅकिक याने करंडक स्वतः न उंचावता प्रथम बोर्कच्या हाती दिला. पुढे बोर्क तो करंडक घेऊन बोस्टनला आला आणि ज्या नगराचा संघ त्याने सोडला होता, त्याच नगरातील हजारो लोक त्याच्या स्वागतास जमले. निष्ठा भंगली असती तर हा जमाव जमला नसता.

तेव्हा देवघेव मुळातच अनीतीची आहे, असे म्हणता येणार नाही. बदलीचा हुकूम आणि मागून घेतलेली बदली यांतील अंतर आपल्याकडील शिक्षकांना व कारकुनांना वेगळे सांगावयास नको. पहिलीत माणूस हलविला जातो; दुसरीत तो स्वतः जातो. गाडी तीच, गाव तेच, परंतु मनाची स्थिती निराळी.

अर्थात, म्हणून सरसकट सर्व ज्येष्ठांना वाटेला लावावे, असाही अर्थ कोणी काढू नये. २०१४ साली बफेलोच्या संघाने करार संपत आलेले रायन मिलर आणि स्टीव्ह ऑट हे दोघेही एकाच सौद्यात सेंट लुइसला देऊन टाकले. भविष्याची तरतूद हेच त्याचे कारण होते. परंतु ते भविष्य काही लवकर उगवले नाही. २०११ नंतर २०२५ पर्यंत सलग १४ मोसम हा संघ बाद फेरीबाहेर राहिला. याला कारणे अनेक असतील. परंतु तरुणांना घडविणारे अनुभवी हात संघात नसले, तर निवडीतील हक्कांचा नुसता साठा करून काही साधत नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

योग्य मार्ग म्हणूनच या दोन टोकांच्या मध्ये आहे. ज्या संघाला त्या मोसमात आशा नाही, त्याने ज्येष्ठ खेळाडूला केवळ तिकीटविक्रीसाठी अडकवून ठेवणे हा त्याच्यावर आणि प्रेक्षकांवरही अन्याय आहे. त्याच्याशी शरद ऋतूतच मोकळेपणाने बोलावे. राहावयाचे असेल तर रास्त करार द्यावा. जावयाचे असेल तर कोठे, हे त्याला विचारावे. तसे झाले तर नाते तुटतेच असे नाही. २०१५ साली ॲरिझोनाने अँटवान व्हर्मेट याला शिकागोकडे दिले, शिकागोने त्या वर्षी करंडक जिंकला, आणि करार संपताच जुलैत व्हर्मेट पुन्हा ॲरिझोनात परतला. संघाला पहिल्या फेरीचा हक्क मिळाला, खेळाडूला विजेतेपद मिळाले आणि प्रेक्षकांना आपला माणूस परत मिळाला.

असा योग नेहमी येणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे एका संघाला दिली, त्याला निरोप देण्यापूर्वी एकदा विचारणे तरी प्रत्येक व्यवस्थापनाच्या हाती असते. त्याला काही खर्च येत नाही, आणि वेतनमर्यादेचा कोणताही नियम त्याच्या आड येत नाही.