अँटिऑक्सिडंट : डबीतले आणि ताटातले

गेल्या महिन्यात एक निवृत्त गृहस्थ दवाखान्यात आले. वय 62, रक्तदाब थोडा वाढलेला, सकाळचा खोकला जुनाच. त्यांनी पिशवीतून एक डबी काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टर, अँटिऑक्सिडंट सुरू केलंय. महिन्याला चौदाशे रुपये जातात, पण आता काळजी नाही." त्यांच्या शर्टाच्या खिशात सिगारेटचे पाकीट दिसत होते. माझी नजर तिकडे गेलेली पाहून ते हसले आणि म्हणाले, "म्हणून तर ह्या गोळ्या!"

घरात फळे किती येतात, असे मी विचारले. "महाग झालीत हो. सणावाराला आणतो," हे उत्तर मिळाले.

हा प्रसंग एकट्या त्या गृहस्थांचा नाही, म्हणून आज हा विषय घेतला.

प्रथम अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, ते पाहू. वांगे चिरून ठेवले की काळे पडते. हवेतल्या प्राणवायूमुळे होणाऱ्या या बदलाला ऑक्सिडीकरण म्हणतात. आपल्या पेशींमध्येही प्राणवायू वापरला जाताना 'फ्री रॅडिकल' नावाचे उपद्रवी कण तयार होतात. तंबाखूच्या धुराने आणि प्रदूषणाने त्यांत भर पडते. त्यांना आवर घालणारी यंत्रणा शरीरात असतेच, शिवाय अन्नातून काही मदतनीस मिळतात. क आणि ई जीवनसत्त्वे, गाजर-पालेभाज्यांतील बीटा कॅरोटीन, टोमॅटोतील लायकोपीन, कांद्यातील क्वेर्सेटिन, काळ्या द्राक्षांच्या सालीतील रंगद्रव्ये ही त्यांतली काही नावे.

भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांना हृदयविकार आणि काही प्रकारचे कर्करोग कमी होतात, असे अनेक देशांत दिसून आले होते. तेव्हा शास्त्रज्ञांच्या मनात सरळ विचार आला, की त्यांतला गुणकारी घटक काढून गोळीत भरला तर? फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हा प्रयोग झाला. 1994 मध्ये निष्कर्ष आले आणि सारे चकित झाले. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी तर झाला नाहीच, उलट 18 टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेत असाच एक मोठा प्रयोग चालू होता. त्यातही तोच धोका दिसल्याने जानेवारी 1996 मध्ये तो मुदतीआधी थांबवावा लागला. पुढे 2011 मध्ये ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग वाढल्याचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले.

म्हणजे आमचे हे गृहस्थ ज्या भरवशावर सिगारेट ओढत होते, तो भरवसाच उलटा होता. बीटा कॅरोटीनची मोठी मात्रा धूम्रपान करणाऱ्याने घेऊ नये, हे आज वैद्यकशास्त्रात पक्के झालेले आहे. आणि एक कबुली देतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत अशक्तपणाची तक्रार आली की मीही अशा कॅप्सूल चिठ्ठीवर लिहीत असे. रुग्णाला बरे वाटे आणि मलाही. आता लिहीत नाही.

मग फळात जे गुण देते, ते गोळीत का देत नाही? फळात एक घटक एकटा नसतो. शेकडो घटक, चोथा आणि पाणी यांच्यासह तो थोड्या प्रमाणात पोटात जातो. शिवाय ताटात भाजी वाढली की वडापाव-फरसाणाची जागा आपोआप कमी होते. गोळीने ती कमी होत नाही.

आपल्या जिल्ह्याला तर ही दौलत दारातच आहे. लासलगावचा कांदा, पिंपळगावचा टोमॅटो, निफाड-दिंडोरीची द्राक्षे. उन्हाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडून करवंदे आणि जांभळे येतात. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात मेथी, शेपू, अंबाडी, चाकवत, शेवगा मिळतो. आवळा आणि पेरू यांत संत्र्यापेक्षा कितीतरी अधिक क जीवनसत्त्व असते आणि ही काही श्रीमंतांची फळे नव्हेत. तरीही द्राक्षबागायतदाराच्या घरातील सूनबाई फिकट चेहऱ्याने माझ्यापुढे बसते, तेव्हा वाईट वाटते. माल पेटीत भरून परदेशी जातो आणि घरच्या ताटात बटाटा आणि चहा-बिस्किटे राहतात.

दररोज किमान 400 ग्रॅम भाज्या-फळे खावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन्ही जेवणांत एक-एक मोठी वाटी भाजी, थोडी कोशिंबीर आणि दिवसातून एक फळ, इतके केले तरी आपण त्याच्या जवळ जातो. करताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतल्यास क जीवनसत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. लिंबू भांडे खाली उतरवल्यावर पिळावे. त्याने भाजीतले लोहही अंगी लागते. टोमॅटो थोड्या तेलात शिजवला तर लायकोपीन अधिक मिळते. कांद्याचे बाहेरचे पापुद्रे उगाच जास्त काढू नयेत, क्वेर्सेटिन तिथेच अधिक असते. द्राक्षे वाहत्या पाण्यात नीट धुवून घ्यावीत. मधुमेहींनी ती मोजूनच खावीत आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी फळे डॉक्टरांना विचारून घ्यावीत. जेवणानंतर लगेच चहा नको. तो लोहाच्या शोषणात अडथळा आणतो.

वाइनचीही विचारणा होते, कारण नाशिकची वाइन आता प्रसिद्ध आहे. द्राक्षातले गुण द्राक्ष खाऊनच घ्यावेत. मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे.

गैरसमज नको म्हणून सांगतो : गरोदरपणातील लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, बालकांना दिला जाणारा अ जीवनसत्त्वाचा डोस किंवा तज्ज्ञांनी विशिष्ट आजारासाठी लिहून दिलेले औषध या लेखाच्या आधारे मुळीच बंद करू नये. माझा विरोध आहे तो स्वतःच्या मनाने, जाहिरात वाचून किंवा शेजाऱ्याच्या आग्रहाने घेतलेल्या डबीला.

त्या गृहस्थांना मी छातीचा एक्स-रे करायला सांगितला आणि चिठ्ठीवर लिहिले : सिगारेट बंद, डबी बंद, चौदाशे रुपयांची भाजी-फळे. परवा ते पुन्हा आले. एक्स-रे सुदैवाने चांगला होता. डबी बंद झाली आहे, सिगारेटी दहावरून तीनवर आल्या आहेत. पिशवीत पेरू होते. त्यांतला एक माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "डॉक्टर, हे तुम्ही खाता की नुसतं लिहिता?"

प्रश्न रास्त होता. मी तो पेरू तिथेच खाल्ला.