मांजराला कसला आलाय पंप!

रात्री दोनच्या सुमारास मांजर फरशीला पोट टेकून बसते, मान पुढे ताणते, कोपरे बाहेर काढते आणि कोरडे खोकत राहते. ठसका संपला की आवंढा गिळते, ओठ चाटते आणि काही झालेच नाही अशा थाटात खिडकीत जाऊन बसते. घरातले डोळे चोळत निकाल देतात, ‘केसांचा गोळा अडकला असेल.’ फरशीवर गोळा दिसत नाही, पण तो शोधायला उठतो कोण?

गोळा पोटातून येतो. तेव्हा पोट जोरात आत-बाहेर होते आणि बहुतेक वेळा काहीतरी बाहेर पडते. पुन्हापुन्हा नुसते खोकणारे मांजर बऱ्याचदा दमेकरी असते. १०० मांजरांमागे १ ते ५ जणांना दमा असावा, असा पशुवैद्यकांचा अंदाज आहे.

अडचण अशी, की दमा ठरवणारी एकच खात्रीची चाचणी नाही. श्वासनलिकांच्या भिंती सुजून जाड झाल्या की एक्स-रेमध्ये मेदूवड्यासारखी वर्तुळे आणि रुळांसारख्या समांतर रेषा दिसतात. कधी फिल्म अगदी स्वच्छही येते. भूल देऊन फुफ्फुसातला द्रव धुऊन काढला आणि त्यात इओसिनोफिल पेशी भरपूर सापडल्या, तर दम्याची शंका बळावते; पण धाप लागलेल्या मांजराला भूल देणे जोखमीचे. शिवाय घरातली पाल किंवा उंदीर मटकावणाऱ्या मांजराच्या फुफ्फुसात जंतही असू शकतात, आणि त्यांचे दुखणे दम्यासारखेच दिसते. म्हणून आधी जंतांचे औषध देऊन पाहणारा डॉक्टर वेळ काढत नसतो.

कुत्र्याच्या बाबतीत गफलत दुसरीच होते. म्हातारा पॉमेरेनियन दोन महिन्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज खोकतो, तपासताना हृदयातून सूं-सूं आवाज येतो आणि सगळे खापर हृदयावर फुटते. वयस्क छोट्या कुत्र्यांत झडपेचा आजार आणि जुना ब्रॉंकायटिस दोन्ही एकत्र नांदू शकतात. इथे कामाला येते ते घड्याळ. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती मिनिटाला किती वेळा वरखाली होते ते मोजावे. आकडा रोज ३० च्या आत असेल, तर खोकला हृदयामुळे फुफ्फुसात पाणी साचल्याने असण्याची शक्यता कमी. फुकटातली ही नोंद आणि ठसक्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ डॉक्टरांपुढे ठेवला, तर निम्मे काम होते. तोंड उघडून श्वास घेणाऱ्या मांजराचा मात्र व्हिडिओ काढत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

मांजराच्या दम्याच्या उपचारात सगळ्यांना मोह पडतो तो महिनाभर पुरणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा. ओरबाडणाऱ्या मांजराच्या घशात रोज गोळी कोण घालणार, हे मान्यच. पण वारंवार टोचलेल्या या इंजेक्शनांतून मांजराला मधुमेह होऊ शकतो. त्यापेक्षा आधी स्टेरॉइडची गोळी आणि मग फ्लुटिकासोन या स्टेरॉइडचा पंप, म्हणजे इनहेलर, हा रस्ता शहाणपणाचा. पंपाचा गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर गोळी चालू ठेवावी लागते. श्वासनलिका मोकळ्या करणारे साल्ब्युटामॉल मात्र अटॅकपुरतेच. ते रोज दिल्याने सूज उलट वाढू शकते.

‘पंपाची सवय लागते’ ही घरोघरची समजूत आता जनावरांनाही भोवते आहे. ज्या घरात आजोबांचा पंप पाहुण्यांपासून लपवला जातो, तिथे मांजराचा पंप हसण्यावारी जाणारच. त्याच घरात संध्याकाळी धूप जळतो, रात्री पलंगाखाली मच्छरची कॉइल लागते आणि तो धूर नेमका मांजराच्या उंचीवर रेंगाळतो. वर कोणीतरी घरातले सर्दी-खोकल्याचे औषध चमचाभर पाजते. त्यात पॅरासिटामॉल असले, तर तेवढ्यानेही मांजराचा जीव जाऊ शकतो.

पंपाचे औषध मांजराला मास्कमधून देतात. मास्क लावायला मांजर तयार होते, पण त्याच्या कलाने घ्यावे लागते. पहिले काही दिवस स्पेसर, म्हणजे पंप आणि मास्क जोडणारी नळी, जेवणाच्या वाटीशेजारी नुसता पडू द्यावा. मग मास्कच्या कडेला आवडीच्या खाऊचे बोट लावावे. औषध देताना मास्क सात ते दहा श्वास नाकातोंडावर टेकलेला राहिला की झाले. हे काम शाळकरी पोरांना लवकर साधते. मोठी माणसे तिसऱ्या श्वासालाच हात काढून घेतात.