देवाच्या कोपाचा पंचनामा कोण करणार?

गेले काही दिवस आपल्या मालवणातल्या ग्रुपांवर एकच वाद चाललाय. बाजारात कुणीतरी पत्रकं वाटली. त्यात पाप, अखेरचा न्याय, नरक, पश्चात्ताप आणि येशूवर विश्वास ठेवला तर तारण, असा मजकूर. एकाने फोटो टाकून लिहिलं, ही धमकी आहे, गुन्हा दाखल करा. दुसऱ्याने, तो आमच्यातलाच, उत्तर दिलं की धमकी नाही, सत्य आहे, न ऐकणारे भोगतील. मी इथला ख्रिस्ती, इगर्जीत जाणारा. आणि मला या दोघांशीही भांडायचंय.

आधी गुन्हावाल्यांशी. ही कल्पना हवेतून आलेली नाही. ओडिशाचा १९६७ चा कायदा आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा कायदा काढून बघा. धर्मांतरासाठी ‘बळजबरी’ म्हणजे काय हे सांगताना इजा करण्याच्या धमकीबरोबर त्यात ‘दैवी कोपाची धमकी’सुद्धा बसवलीय. ओडिशाच्या उच्च न्यायालयाने १९७२ साली तिथला कायदा रद्द केला होता. पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात दोन्ही कायदे वैध ठरवले. धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा नाही, असं म्हटलं. गुजरातच्या २००३ च्या कायद्यातही तोच शब्दप्रयोग आला. आपल्या राज्यातही हा विषय बराच तापवला गेलाय, म्हणून बोलतोय.

कुणी पैसे देऊन, फसवून, आजाऱ्याच्या उशाशी बसून नाव बदलायला लावत असेल तर त्याला जरूर धरा. मी पंच म्हणून सही करायला येतो. पण ‘दैवी कोप’? त्याचा पंचनामा कोण करणार? हवालदार? मुद्देमाल काय जप्त करणार?

आणि आपण राहतो कुठे हे तरी आठवा. आचऱ्याला रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव तीन दिवस-तीन रात्री घरदार बंद करून वेशीबाहेर जातं. हिंदू जातात, मुसलमान जातात, गुरंढोरं, कोंबडी, कुत्रीसुद्धा. पोलिसांच्या काठीने कुणी जात नाही. देवाचा शब्द मोडायचा नाही म्हणून जातात, आणि मोडला तर काय होईल हेही प्रत्येकाच्या मनात असतंच. गाऱ्हाणं घालताना मानकरी काय म्हणतो? कोणाचा काय चुकला-माकला असात ता पदरात घी. सगळे म्हणतात, व्हय म्हाराजा. चूक झालीय, देव बघतोय, क्षमा मागायला हवी, हे तिन्ही त्यात आलं. लाल मातीतल्या माणसाला ही भाषा धमकी वाटत नाही. मग तेच आम्ही म्हटलं की कलम कसं लागतं? कायदा फक्त धर्मांतराबद्दल आहे, असं कुणी वकील सांगेल. बरोबर आहे. पण मनात भीती आली ती कुणाच्या बोलण्याने आणि कुठल्या हेतूने, हे ठरवणार तोच हवालदार.

आता आमच्यातल्या ‘भोगतील’वाल्याकडे वळतो. बाबा, तू कुठल्या खुर्चीत जाऊन बसलास? देवाच्या न्यायाची खुर्ची माणसांनी घेतली की काय होतं हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? बांद्याच्या पलीकडे गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन बसलं ते १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर चालूच राहिलं. त्याच्या कचाट्यात मुख्यतः सापडले ते बाप्तिस्मा घेतलेलेच लोक. जुने रिवाज पाळतात, लग्नात जुनी गाणी म्हणतात, अंगणात तुळस ठेवतात, असल्या गोष्टींवर १७३६ साली फर्मान निघालं. आपल्या भागातली बरीच ख्रिस्ती घराणी मूळची गोव्याची. कुणी करापायी इकडे आलं, कुणी दुष्काळापायी, आणि कुणी त्या न्यायालयाच्या धाकाने आलं असं घराघरात सांगतात. त्यांच्या नातवंडांनी शेजाऱ्याला नरकाची नोटीस बजावावी?

शुभवर्तमानात बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याची बातमी येते. येशू विचारतो, ते काय बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते? नाही म्हणतो, आणि ऐकणाऱ्यांनाच सांगतो की तुम्ही पश्चात्ताप करा. बोट समोरच्याकडे नाही, ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या छातीकडे. २०२१ च्या तौक्ते वादळात ज्याची होडी फुटली, कौलं उडाली, तो काय वाचलेल्यापेक्षा मोठा पापी होता?

आणि तारण विश्वासाने मिळतं, देवाच्या कृपेने मिळतं, फुकट मिळतं, हे खरं असेल तर ते दमदाटीने देता येत नाही आणि तांदळाच्या पिशवीने विकताही येत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्यांना तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला पुढे काही वर्षं जावी लागली. एवढ्या विदुषीला बाप्तिस्म्यानंतरही जे लगेच मिळालं नाही ते तुझ्या पत्रकाने होणार? नारायण वामन टिळक तर आपल्याच कोकणातले, करजगावला जन्मलेले. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. किती ओढाताण झाली ती ‘स्मृतिचित्रे’त वाचा. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आतून पटल्यावर.

आता एक टोमणा, जो मी लहानपणापासून ऐकतोय: तुमचं बरं आहे, आठवडाभर पाप करायचं आणि शनिवारी पाद्र्याकडे कुमसार करून मोकळं व्हायचं. टोमणा चुकीचा आहे, पण आम्हीच तो खरा करून दाखवतो, हे मान्य करायला हवं. विश्वास की कर्म यावरून कॅथलिक आणि लुथरवाले साडेचारशेहून अधिक वर्षं भांडले. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गला दोघांनी मिळून सही केली की तारण कृपेनेच, आणि सत्कृत्यं ही त्याची फळं. फळ नाही तर झाड तपासायला नको? जक्कय हा जकातदार येशूला घरी घेऊन गेला आणि उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. मालवणी भाषेत सांगायचं तर गडगा सरकवून भावाची दोन हात जमीन घेतली असेल तर आधी गडगा मागे घे, मग कुमसाराला ये. बंदी असताना एलईडीचे दिवे लावून रापणकाराच्या तोंडची मासळी ओढणारा खलाशी-मालक नवेनाला पहिल्या बाकावर बसतो. त्याला हा न्याय कोण सांगतं? पत्रक वाटणारा त्याच्या दारात जातो का? मॅथ्यूच्या पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या दिवशी विचारले जाणारे प्रश्न दिलेत. भुकेल्याला जेवू घातलंस का, परक्याला घरात घेतलंस का, तुरुंगातल्याला भेटलास का. किती जणांची नावं बदललीस, हा प्रश्न त्या यादीत नाही.

तेव्हा गुन्हावाल्यांनी आपल्या आमदारांना एवढं विचारावं की कायद्यात ‘दैवी कोप’ हे शब्द आले तर पुरावा काय धरणार. आणि पत्रकवाल्याने पुढची गठ्ठी छापण्याआधी आपल्या पाद्र्याला दाखवावी. कमेंटमध्ये भांडा, हरकत नाही. फक्त फोटोतल्या त्या पोराचा चेहरा आणि फोन नंबर फिरवतायत तो आधी काढा. त्याच्या घरी म्हातारी आई आहे.