शक्ती मोजली कोठे?

पोलादपूर मागे टाकून कुडपणच्या वाटेने सह्याद्रीचा चढ चढू लागले, म्हणजे आषाढ-श्रावणात कड्याकड्यांवरून कोसळणारे पाणी पाहून त्यात केवढे सामर्थ्य असेल, हा प्रश्न विचारी माणसाच्या मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही. आणि तो प्रश्न निव्वळ विस्मयाचा न राहता हिशेबाचा व्हावा असे ज्याला वाटत असेल, त्याने ते सामर्थ्य कोणत्या मापाने मोजावयाचे, हे प्रथम ठरविले पाहिजे.

हिशेब अवघड नाही. दर सेकंदास एक घनमीटर पाणी शंभर मीटर उंचीवरून पडत असेल, तर त्या पाण्याची शक्ती ९८१ किलोवॉट भरते. जुने अभियंते क्युसेक आणि फूट यांचा गुणाकार करून त्यास ८.८ ने भागीत व येणारा आकडा अश्वशक्तीत सांगत. त्या रीतीने हेच पाणी सुमारे १,३१५ अश्वशक्तीचे ठरते. याच रायगड जिल्ह्यात १९२७ पासून मुळशीचे पाणी घाटाखाली उतरवून भिरा येथे वीज निर्माण होत आली आहे, आणि दक्षिणेस कोयनेचे पाणी पश्चिमेकडे वळवून पोफळीस उतरविले आहे. तेव्हा हे गणित या मुलखास परके नाही.

अश्वशक्तीचा जन्म अठराव्या शतकातला. घोड्यांकडून काम करवून घेणाऱ्या मालकांस वाफेच्या यंत्राची योग्यता त्यांच्याच भाषेत पटावी म्हणून जेम्स वॉटने ३३,००० पौंडांचे ओझे एका मिनिटात एक फूट उचलण्याचे सामर्थ्य म्हणजे एका घोड्याचे सामर्थ्य, असे माप बांधून दिले. ही अश्वशक्ती ७४५.७ वॉटची. युरोपात मात्र ७५ किलोग्रॅम वजन सेकंदात एक मीटर उचलणारी दुसरी अश्वशक्ती रूढ झाली, ती ७३५.५ वॉटची, म्हणजे नाव एक, पण मापे दोन. ज्याने घोड्याचे माप बांधले, त्याच्याच नावाचे वॉट हे माप पुढे विज्ञानाने स्वीकारले आणि १९६० साली ते आंतरराष्ट्रीय पद्धतीत दाखल झाले.

आमच्याकडे १९५६ च्या कायद्यान्वये मेट्रिक मापांचा अंमल सुरू झाला. शेर, पायली आणि खंडी बाजारातून हळूहळू मागे सरली. परंतु विहिरीवरच्या पंपावरील घोडा तेथेच राहिला. शेतकरी आजही पाच एचपीची, म्हणजे पाच अश्वशक्तीची, मोटर मागतो, आणि मीटर नसलेल्या शेतीपंपाच्या वीजबिलाची आकारणीही एचपीवरूनच होते. २०२४ साली राज्य सरकारने शेतीपंपांस मोफत वीज देण्याचे ठरविले, तेव्हाही मर्यादा साडेसात एचपीची, म्हणजे साडेपाच किलोवॉटच्या आसपासची, घातली. मीटर असेल तेथे मात्र हिशेब युनिटांत, म्हणजे किलोवॉट-तासांत होतो. एकाच मोटरीची नोंद अशी दोन भाषांत होत असताना त्यांमधील दुभाष्याचे काम कोणी तरी निष्ठेने करावयास हवे.

ते काम केवळ ०.७४६ ने गुणण्याचे आहे, असा समज फार पसरलेला आहे, आणि माझा आक्षेप नेमका त्यावर आहे. पाच एचपी म्हणजे ३.७३ किलोवॉट हे गणित निर्दोष असले, तरी ते आकडे मोटरीच्या दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीचे आहेत. मोटरीची कार्यक्षमता शेकडा ८३ धरली, तर ती तारेतून सुमारे साडेचार किलोवॉट ओढते, आणि तासाभरात साडेचार युनिटे मोजली जातात. पुढे पंपाची कार्यक्षमता शेकडा ६० धरली, तर प्रत्यक्ष पाण्याच्या वाट्यास सव्वादोन किलोवॉटही पुरते येत नाहीत. तेवढ्या शक्तीने तीस मीटर खोल विहिरीतून सेकंदास साडेसात लिटरच्या आसपास पाणी वर येते. तारेवर साडेचार, दांड्यावर पावणेचार, पाण्यात सव्वादोन: तिन्ही आकडे खरे, आणि त्यांतला कोणताही कोठे मोजला हे न सांगता पुढे केला, की तो अर्धसत्य होतो. ३.७३ वर हिशेब बसवून जो युनिटांची अपेक्षा करील, त्यास मीटर खोटा वाटेल, आणि त्याचा संशय यंत्रावरून माणसांवर येण्यास वेळ लागणार नाही.

हाच घोटाळा घरातही होतो. वातानुकूलन यंत्राचा एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट खरे, पण ती खोलीबाहेर काढलेल्या उष्णतेची मोजदाद आहे. तेवढी वीज ते यंत्र खात नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बोलण्यातून एचपी हद्दपार करू नये. लोकांच्या हाताला ते माप सरावाचे झाले आहे. परंतु यंत्रावरील पट्टीवर, वीजजोडणीच्या अर्जावर आणि सरकारी दफ्तरात किलोवॉटचा आकडा ठळक असावा, आणि त्याच्या शेजारी तो तारेवरचा आहे की दांड्यावरचा, हे शेतकऱ्यास वाचता येईल अशा मराठीत लिहिलेले असावे. शाळेतही गुणाकाराआधी ‘शक्ती मोजली कोठे?’ हा प्रश्न शिकवावा.

कुडपणच्या कड्यावरील पाण्याचे ९८१ किलोवॉट मी वर मांडले, तेही पडत्या पाण्याचे होते; तारेपर्यंत पोचताना त्यांतून चक्राचा, जनित्राचा आणि वाटेतील तारांचा हिस्सा वजा होईल, हे त्याच ओळीत सांगावयास हवे होते. ते आता सांगितले, म्हणजे हिशेब पुरा झाला.

— मापाडी