खंबीरपणाचे कौतुक पुरे झाले

नाताळानंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण येतो. योसेफ, मारिया आणि बाळ येशू यांची तसबीर आपल्या घराघरांत असतेच. त्या दिवशी प्रवचनातून आदर्श कुटुंबाची थोरवीही आपण ऐकतो. ज्यांच्या घरातले एक माणूस मृत्यूने नेले, दारूने नेले किंवा आपल्या पायांनी चालते झाले, तेही त्याच बाकांवर बसलेले असतात. त्यांच्या वाट्याला बहुधा शेवटचे एक वाक्य येते: एकटीने संसाराचा गाडा ओढणाऱ्या भगिनींच्या त्यागाला आणि खंबीरपणाला वंदन! वंदन होते, मिस्सा संपते, आणि सोमवारी सकाळी ती खंबीर भगिनी विरारहून भरून आलेल्या गाडीत पाय ठेवायला जागा शोधते.

या वंदनाविषयीच माझी तक्रार आहे. ज्याला काही द्यायचे नसते, तो कौतुक देतो. 'किती खंबीर आहे हो ती!' असे एकदा म्हटले, की तिच्या मुलाला संध्याकाळी कोण सांभाळते, हे विचारण्याची जबाबदारी टळते. खंबीर माणसाला मदत कशाला?

हिशेब रोकडा आहे. वसई रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे ५२ किलोमीटर. जलद गाडी मिळाली तरी तासाहून अधिक वेळ. शिवाय वाडीपासून स्टेशनपर्यंतची बस, आणि परतताना तीच कसरत. आठ तासांची नोकरी बारा तासांची होते. जिथे पालक दोघे आहेत, तिथे एकाला उशीर झाला तर दुसरा कुकर लावतो. एकट्या पालकाची गाडी अर्धा तास खोळंबली, की शेजाऱ्यांच्या ओट्यावर दप्तर घेऊन बसलेले मूल तेवढेच अधिक ताटकळते. अशा बाईसाठी आपण 'वेळेचे नियोजन' या विषयावर व्याख्यान ठेवतो! नियोजन तिला व्याख्यात्याहून चांगले येते. तिच्याजवळ नाही तो वेळ, आणि नाही ते दुसरे माणूस.

रेल्वेला कोणी दयाळू म्हणणार नाही. तरीही पश्चिम रेल्वेने १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली अशी खास महिलांची गाडी सुरू केली आणि पुढे ती विरारपर्यंत आणली. नोकरदार स्त्रीची गरज ओळखून वेळापत्रक बदलावे, एवढे त्या रुक्ष खात्याला कळले. आपल्या धर्मग्रामांना ते कधी कळणार? प्रथम कम्युनियनच्या पालकसभा कित्येकदा अशा वेळी ठेवल्या जातात, की मुंबईत नोकरी करणाऱ्या आईने तोवर अंधेरीसुद्धा ओलांडलेली नसते. रुग्णालयातील परिचारिकेला तर रविवारचीही पाळी असते. मग 'काही पालकांना आस्था नाही' अशी खंत व्यक्त होते, आणि त्या पालकांची मुले ती ऐकत समोर बसलेली असतात.

याहून बोचणारी गोष्ट वेगळी आहे. मदतीआधी आपण कारण विचारतो. विधवा असेल तर सहानुभूती. नवऱ्याने टाकलेली असेल तर 'दोन्ही बाजू ऐकायला हव्यात.' वेगळे राहण्याचा निर्णय तिनेच घेतला असेल, मग तो मार खाऊन खाऊन घेतलेला का असेना, तर कुजबुज. लग्नाविना आई झालेलीच्या बाळाच्या स्नानसंस्काराला आपल्यापैकी किती जण आपणहून जातात, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'आमोरिस लॅतिसिया' या बोधपत्रात एकल पालकांचा स्वतंत्र विचार केला; कारण काहीही असले तरी इतर कुटुंबांनी आणि धर्मग्रामाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे, असा त्याचा आशय आहे. त्यातले 'कारण काहीही असले तरी' एवढेच आपल्या घशाखाली उतरत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आपल्याला परिचित आहे. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होते, अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी त्या विधवांना सहनशीलतेचा उपदेश केला नाही. सात माणसे निवडली आणि काम नेमून दिले. संत एलिझाबेथ ॲन सीटन १८०३ साली, एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली. पदरी पाच मुले. १८०५ साली न्यूयॉर्कमध्ये ती कॅथलिक झाली तेव्हा अनेक आप्तांनी पाठ फिरवली. बाल्टिमोरच्या धर्मगुरूंनी तिला चालवायला मुलींची शाळा दिली, मुलग्यांच्या शिक्षणाची सोय केली. पुढे तिने धर्मभगिनींचा संघ स्थापला, तेव्हाही मुलांची पालक म्हणून तिचा हक्क अबाधित राहिला. १९७५ साली तिला संतपद मिळाले. आज ती आपल्या धर्मग्रामात असती, तर तिला शाळा मिळाली असती की शाल आणि श्रीफळ?

सरकारही या बाबतीत आपल्या पुढे गेले. केंद्राच्या स्त्री कर्मचाऱ्यांना २००८ पासून बालसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा मिळू लागली. २०१८ च्या अखेरीस ती एकल पुरुषांनाही लागू झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे, ही तरतूद २०१७ साली आली. परंतु पहाटेच्या गाडीने फुलांची टोपली दादरला नेणाऱ्या बाईला रजा कोण देणार आणि पाळणाघर कोण? आणि ज्याची पत्नी वारली त्या पुरुषाला आपण वर्षाच्या आत दुसरे लग्न सुचवतो; मुलीची वेणी कशी घालावी, हे मात्र कोणी शिकवत नाही.

'घरात आजी असते की!' हे उत्तर ठरलेले. आजी सत्तरीची आहे, तिचे गुडघे धरलेले आहेत. पुष्कळांना तीही नाही. 'पैसा कुठून आणायचा?' हे दुसरे. लग्नसमारंभांना भाड्याने जाणारे सभागृह आठवड्याच्या इतर दिवशी दुपारपासून कुलपात असते. निवृत्त शिक्षक-शिक्षिका गावोगावी आहेत. ते दार चार ते आठ उघडे ठेवावे, विश्वासातली दोन माणसे नेहमी सोबतीने बसावीत, मुलांनी तिथे अभ्यास करावा, खेळावे. आणि पालकसभेची वेळ पक्की करण्यापूर्वी कोणीतरी त्या आईला विचारावे, की बाई, तुमची गाडी वसईला किती वाजता लागते?