डिस्कची वाटणी

पेढीवर नवा संगणक येतो, तेव्हा त्याची जागा, यूपीएस, प्रिंटर, फार तर मॉनिटरचा आकार यांवर घरात चर्चा होते. हार्ड डिस्कचे भाग किती व केवढे करावयाचे, हा प्रश्न मात्र संगणक बसवून देणारा तंत्रज्ञ कोणाला न विचारता दहा मिनिटांत सोडवून जातो. जालन्याच्या मोंढ्यातील आडतीचे दुकान असो, सळईच्या कारखान्याचे कार्यालय असो वा बियाण्यांची पेढी असो, पुष्कळदा चित्र एकच दिसते: सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह, त्यांतील दोन वर्षानुवर्षे रिकामे, आणि सी ड्राइव्हची पट्टी मात्र जागा संपत आल्याने लाल झालेली.

चार भाग करण्याच्या या सवयीला एके काळी कारण होते. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटी या संगणकात १० एमबीची डिस्क आली. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली असल्याने डिस्कला सी हे अक्षर मिळाले. (ए आणि बी कोठे गेले, असे नव्या पिढीतील मुले विचारतात, त्याचे उत्तर हे.) पुढे डिस्क मोठ्या झाल्या, परंतु त्या काळच्या विंडोजची फॅट१६ ही पद्धत एका भागात २ जीबीहून अधिक जागा हाताळू शकत नसे. मोठ्या डिस्कचे तुकडे करणे तेव्हा भागच होते. १९९६ नंतर फॅट३२ आणि पुढे एनटीएफएस ही पद्धत रूढ झाल्यावर ते बंधन उरले नाही. सवय उरली.

आज भाग करण्याचे खरे प्रयोजन एकच आहे: विंडोज एका बाजूस आणि पेढीचे हिशेब दुसऱ्या बाजूस असावेत. विंडोज बिघडते, व्हायरसने ग्रासले जाते, वीज अवेळी गेल्याने सुरूच होत नाही. मग तंत्रज्ञ सी ड्राइव्ह पुसून ते नव्याने घालतो. हिशेब डी ड्राइव्हमध्ये असतील, तर ते जागच्या जागी राहतात. सी मध्येच असतील, तर त्या दिवशी पेढीची कित्येक वर्षांची खतावणी एका बटणावर अवलंबून असते.

येथेच मोठी गफलत होते. डी ड्राइव्ह निर्माण केल्याने हिशेब आपोआप तेथे जात नाहीत. टॅली नेहमीच्या पद्धतीने बसवले, तर त्याचा डेटा सी मध्येच साठतो. डेस्कटॉपवर ठेवलेली बिले, पावत्या, जीएसटीच्या फाइली, ‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर, हे सारेही मूळचे सी ड्राइव्हचेच रहिवासी. त्यामुळे भाग पाडल्यानंतर टॅलीतील डेटाचा मार्ग बदलून डी वर न्यावा आणि ‘डॉक्युमेंट्स’चे स्थानही तिकडे हलवावे. तंत्रज्ञ निघण्यापूर्वी त्याच्याकडून एवढे करवून घ्यावे आणि मुनिमाला वा ऑपरेटरला ते समक्ष दाखवावयास सांगावे. डी ड्राइव्ह आहे पण रिकामा आहे, अशी वाटणी न केलेली बरी. ती खोटा धीर देते.

आकाराविषयी. १ टीबी म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबी दिसते. यात कोणाची लबाडी नाही. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी लागते, परंतु तेवढीच जागा देणे म्हणजे दुकानात गिऱ्हाइकाला उभे राहण्यापुरतीच जागा ठेवणे. अद्ययावतीकरण, प्रिंटरचे सॉफ्टवेअर, व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइली सी मध्येच साचतात. १ टीबीच्या डिस्कवर सी साठी २०० ते २५० जीबी आणि उरलेले सर्व डी साठी, हे बहुतेक पेढ्यांना पुरेल. २५६ जीबीची छोटी एसएसडी असेल तर तिचे तुकडे करूच नयेत. हिशेबासाठी दुसरी डिस्क बसवावी. भाग केल्याने एसएसडी वेगाने चालते, हा निव्वळ समज आहे.

सी चा आकार आरंभीच सढळ ठेवावा, याला आणखी एक कारण आहे. विंडोजच्या स्वतःच्या साधनाने सी वाढवावयाचा, तर त्याला लागूनच मोकळी जागा असावी लागते. आणि तेथे तर डी बसलेला असतो. शेजाऱ्याची भिंत मागे सरकवल्यावाचून आपले दुकान वाढत नाही, तसेच हे. डिस्कवर ‘रिकव्हरी’ नावाचा एक लहानसा भागही असतो. जागा वाया जाते म्हणून तो कोणी पुसू नये. विंडोज दुरुस्त करण्यासाठी तोच उपयोगी पडतो.

घर आणि पेढी एकाच संगणकावर असेल, तर ई ड्राइव्ह मुलांना आणि लग्नाच्या चित्रफितींना द्यावा, असे अनेकांना वाटते. नीटनेटकेपणासाठी ते ठीक. परंतु ड्राइव्ह वेगळा केल्याने काहीही गुप्त राहत नाही; त्याच खात्यातून बसलेला कोणीही डी उघडू शकतो. त्यासाठी मुलांना स्वतंत्र यूजर खाते द्यावे, तेही प्रशासकाचे अधिकार न देता.

व्यापारी कुटुंबाला वाटणी हा शब्द नवा नाही. भाऊ वेगळे झाले की वाड्यात मधोमध भिंत उभी राहते. चुली दोन होतात, छप्पर मात्र एकच राहते. डिस्कच्या भागांचे नेमके असेच आहे. सी आणि डी ही दोन अक्षरे दिसली, तरी आतले यंत्र एक. मे महिन्याच्या उकाड्यात, मोंढ्याच्या धुळीत ते यंत्र बंद पडले की दोन्ही भाग एकदमच जातात. चोरी झाली तरी तसेच. खंडणीसाठी फाइलींना कुलूप घालणारा व्हायरस आला, तर तो सी, डी, ई असा भेद करीत नाही. जोडून ठेवलेला पेन ड्राइव्हही त्यातून सुटत नाही. त्यामुळे ‘डी वर बॅकअप घेतला आहे’ हे वाक्य पेढीवर ऐकू आले, तर मालकाने ते मान्य करू नये.

कायद्याच्या दृष्टीनेही हे लहान प्रकरण नाही. जीएसटीखालील हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२३-२४ या वर्षाच्या विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे त्या वर्षाच्या नोंदी ३१ डिसेंबर २०३० पर्यंत दाखवता आल्या पाहिजेत. अपील चालू असेल तर कदाचित त्याहूनही पुढे. तेवढ्या काळात पेढीवरील संगणक बहुधा एकदा तरी बदललेला असेल.

म्हणून प्रत दुसऱ्या यंत्रावर आणि दुसऱ्या छपराखाली हवी. दोन बाह्य डिस्क घ्याव्यात. एक पेढीच्या तिजोरीत, दुसरी घरी; दर आठवड्यास त्यांची अदलाबदल करावी आणि प्रत घेऊन होताच डिस्क संगणकापासून काढावी. विंडोज ११ च्या अनेक नव्या यंत्रांत बिटलॉकरचे कुलूप आपोआप लागलेले असते. त्याची ४८ अंकी किल्ली संगणक सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठते. ते खाते ऑपरेटरच्या खाजगी ई-मेलवर उघडलेले असेल, तर तो नोकरी सोडून गेल्यावर किल्लीही त्याच्यासोबत जाते. खाते पेढीच्या नावे असावे आणि किल्ली कागदावर लिहून दस्तऐवजांत ठेवावी.

दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी जुन्या वह्या कापडात बांधून फळीवर जातात, त्याच सुमारास घरी ठेवलेली डिस्क एखाद्या वेगळ्या संगणकाला जोडून मागील वर्षाची कोणतीही एक पावती शोधून पाहावी. ती उघडली, रक्कम जुळली, की डिस्क पुन्हा कपाटात ठेवावी.