काटा पलीकडच्या बाजारात झाला, म्हणून भावांतर नाही?

भोपाळात एखादी शेतकरी योजना जाहीर झाली की पांढुर्णा, सौंसर, मुलताई, बऱ्हाणपूरच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो : "आपल्याले भेटन का?" भावांतरच्या बाबतीत याचं उत्तर तुम्ही माल कुठं विकला यावर ठरतं. खरी गोची तिथंच आहे.

मध्य प्रदेश सरकारनं ही योजना 2017 च्या खरिपात आणली, नंतर ती बंद पडली, आणि 2025 मध्ये सोयाबीनसाठी परत आली. हिशेब सोपा आहे. 2025 च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव होता 5328 रुपये. सरकारनं नोव्हेंबरात काढलेला पहिला मॉडेल रेट 4020. समजा तुमचं सोयाबीन 4300 नं गेलं, तर वरचे 1028 रुपये क्विंटलमागे सरकार खात्यात टाकणार. दहा क्विंटलचे 10,280. पण अट एक : माल मध्य प्रदेशातल्याच मंडीत विकलेला पाहिजे.

आता तेच सोयाबीन त्याच 4300 नं वरुडला किंवा सावनेरला विकलं तर? भावांतर शून्य. शेत तेच, शेतकरी तोच, खसऱ्यावर नाव तेच. फक्त काटा पलीकडं झाला.

कोणी म्हणेल, मग आपल्याच मंडीत विका ना! बोलायला सोपं आहे. सीमेवरच्या कित्येक गावांना पलीकडचा बाजार जवळ पडतो. आडत्या वडिलांच्या ओळखीचा असतो, पेरणीच्या वेळी उचल त्यानंच दिलेली असते. पांढुर्ण्याहून भोपाळ हे नागपूरच्या दुपटीहून लांब आहे. आपला व्यवहार कुठं वाहतो, हे नकाशा बघूनही कळतं.

सरकारची भीती खोटी नाही. बाहेरचा माल दाखवून व्यापारीच पैसे उचलतील, ही शंका रास्त आहे. पण शेतकऱ्याची नोंदणी आधीच झालेली असते. किती रकबा, सरासरी उत्पादन किती, त्यावरून किती क्विंटलला पैसे मिळणार याची मर्यादाही ठरलेली असते. मग पलीकडच्या बाजार समितीची अधिकृत पट्टी त्या मर्यादेत धरायला अडचण काय? 2017 मध्ये मॉडेल रेट काढताना बाहेरच्या दोन राज्यांतले भावही धरले होते. म्हणजे हिशेबाला बाहेरचा भाव चालतो, आपली पट्टी चालत नाही! आणि "एक देश, एक बाजार" म्हणत ई-नाम सुरू झालं 14 एप्रिल 2016 ला. दहा वर्षं होत आली.

मागणी एकच ठेवू : सीमेलगतच्या तहसिलींतल्या नोंदणीकृत शेतकऱ्यानं शेजारच्या राज्यातल्या बाजार समितीत विकलेला माल भावांतरला धरा.

भोपाळात शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मित्रांनो, हे काम तुमच्या हातातलं आहे. वल्लभ भवन आणि अरेरा हिल्सवरचं मंडी बोर्ड तुमच्याच शहरात आहे. गावाकडून पट्ट्यांच्या झेरॉक्स मागवा, अर्जाला जोडा, आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. संविधानाचं कलम 350 सांगतं, राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. सोबत हिंदी प्रत लावा, काम लवकर होईल. पण मराठी अर्ज "चालत नाही" असं कोणी म्हटलं, तर तेही लेखी मागा.